गाडीचा दम कुणी काढला? देगलूरच्या रस्त्यावरून उत्सर्जन मानकांचा इतिहास

आजचा विषय पाहून काहींना वाटेल, इतिहासाच्या व्याख्यानात सायलेन्सर कुठून आला? पण कायदा, तेल आणि इंजिन या तिघांची ही गोष्ट आहे, आणि ती दिल्लीतून सांगण्यापेक्षा देगलूरमधून सांगितली तर जास्त नीट समजते, असं आमचं मत आहे.

देगलूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचं टोक. 1948 पर्यंत निजामाचं राज्य, 1956 पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य आणि पुढे महाराष्ट्र. पण माणसांचा ओढा आजही दोन्हीकडे आहे. दवाखाना, सोयरीक, कापड, जुनी गाडी, यांतल्या कशासाठी माणूस नांदेडला जाईल आणि कशासाठी हैदराबादला, याचा नेम नाही. अकोल्याहून निघून नांदेड, देगलूर करत संगारेड्डीला जाणारा रस्ता गावाला लागूनच जातो. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मेस्त्रीच्या दुकानात नेहमी ऐकू येणारं वाक्य असं: "पूर्वीच्या गाडीत दम होता, आता सरकारनं नियम लावून गाड्या मारून टाकल्या." हे खरं आहे का? आमचं उत्तर: एका काळापुरतं खरं होतं. आता नाही. पण त्या वाक्यात एक वेगळं खरं दुखणं लपलेलं आहे, आणि त्याच्याकडेच आपल्याला जायचंय.

"एका काळापुरतं" म्हणजे कधी? त्यासाठी थोडं अमेरिकेत जाऊ. तिथे 1970 साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा आला. कंपन्यांकडे तेव्हा संगणक नव्हता, कार्बोरेटर होता. धूर कमी करायचा तर इंजिनातला दाब कमी करा, ठिणगीची वेळ मागे-पुढे करा, एक्झॉस्टच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवा, एवढंच हातात होतं. कन्व्हर्टर म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा थर. विषारी वायू त्यावरून जाताना बदलतात. पण पेट्रोलमधलं शिसं त्या थरावर बसलं की जाळी निकामी. म्हणून शिसं काढलं. शिसं काढलं की पेट्रोल जास्त दाब सहन करत नाही. म्हणून दाबही कमी केला. परिणाम काय? 1975 सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या साध्या मॉडेलमध्ये 5.7 लिटरचं अवाढव्य इंजिन आणि ताकद फक्त 165 अश्वशक्ती! (यात एक मेख आहे. 1972 च्या सुमारास तिथे ताकद मोजायची पद्धतच बदलली, त्यामुळे जुने आकडे मुळातच फुगलेले दिसतात. पण घसरण खरी होती.) आज आपल्याकडे 1.5 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन साधारण 160 अश्वशक्ती देतं, आणि तेही कितीतरी कडक नियमांत बसून. मधल्या काळात इंजिनाला मेंदू आला, हा फरक.

आता आपल्याकडे. 1989 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम आले, 1991-92 मध्ये उत्सर्जनाच्या पहिल्या खऱ्या मर्यादा. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि बिनशिशाचं पेट्रोलही तिथेच मिळू लागलं. देशभर ते मिळायला फेब्रुवारी 2000 उजाडलं. मधल्या पाच वर्षांत मुंबईची नवी गाडी घेऊन कुणी मराठवाड्यात आला आणि इथल्या पंपावर टाकी भरली, की कन्व्हर्टरची वाट लागायला सुरुवात! मग मेस्त्री तो उघडणार, आतली जाळी ठोकून काढणार, आणि "बघा, गाडी मोकळी झाली" म्हणणार. बुजलेली जाळी काढल्यावर गाडी मोकळी होणारच की. यातून एक समज पक्का बसला, की प्रदूषणाचं सामान म्हणजे गाडीच्या गळ्यातलं लोढणं.

त्याच लाटेत दोन-स्ट्रोक गाड्या गेल्या. यामाहा आरएक्स 100 बंद झाली 1996 मध्ये. 98 सीसी, 11 अश्वशक्ती. आजच्या कितीतरी शंभर सीसी गाड्या तिथवर पोचत नाहीत. इथे मेस्त्रीचं वाक्य शंभर टक्के लागू पडतं. दोन-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला स्फोट होतो म्हणून ताकद मिळते, पण न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल थेट बाहेर जातं. जी तिची ताकद तीच तिची घाण. एक ठेवून दुसरी काढता येत नव्हती.

मारुती 800 ची गोष्ट मात्र उलटी आहे. कार्बोरेटरवाल्या 800 ची ताकद 37 अश्वशक्तीच्या आसपास. 2000 च्या सुमारास नियमांमुळे फ्युएल इंजेक्शन आलं आणि बारा व्हॉल्व्ह, पाच गिअरचं मॉडेल सुमारे 45 वर गेलं. सगळं श्रेय नियमांना देऊ नका, व्हॉल्व्हही वाढले होते. पण नियमांमुळे ताकद घटली, असं या गाडीबाबत म्हणता येत नाही.

आणि इथेच आपल्या रस्त्याचा संबंध येतो. एप्रिल 2010 मध्ये भारत स्टेज चार फक्त 13 शहरांत लागू झालं. त्यात मुंबई, पुणे होतीच; हैदराबाद होतं आणि आपलं सोलापूरही होतं. बाकी देशाला स्टेज तीन. 800 त्या नव्या नियमांत बसवली गेली नाही, म्हणून या शहरांत तिची विक्री थांबली. नांदेड-लातूरकडे ती चालूच राहिली, थेट 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत. म्हणजे बघा, एकाच रस्त्यावर देगलूरला जी गाडी नवी कोरी मिळते, ती दोनेकशे किलोमीटरवर हैदराबादला मिळत नाही. डिझेलमध्येही हाच भेद: तिकडे गंधक 50 पीपीएम, इकडे 350. हवा काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. तरी देशाने सात वर्षं अशी दोन प्रकारची फुप्फुसं गृहीत धरली, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

ही दुफळी मिटली 1 एप्रिल 2017 ला. त्याआधी तीनच दिवस, 29 मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने स्टेज तीनच्या गाड्यांची विक्रीच थांबवली. कंपन्यांकडे आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, त्यात बहुतेक दुचाक्या. शेवटच्या दोन दिवसांत दुचाकींवर वीस-बावीस हजारांपर्यंत सूट लागली आणि शोरूमपुढे रांगा! तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या रांगेतली गाडी अजून असेल. मग पाचवी पायरी ओलांडून देश 1 एप्रिल 2020 ला थेट सहाव्यावर गेला. डिझेल कारच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 0.25 ग्रॅमवरून 0.08 वर आली, काजळीच्या कणांची 0.025 वरून 0.0045 वर.

ताकद घटली का? बुलेटची 19.8 वरून 19.1 झाली, चालवणाऱ्याला कळणारही नाही. बोलेरो पूर्वी 63 अश्वशक्तीची होती, सहाव्या पायरीवर 75 झाली, तीही लहान इंजिनातून. जे गेलं ते वेगळंच: मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल इंजिनच बंद केलं, कारण छोट्या गाडीत एवढं सामान बसवून किंमत परवडेना. ज्याचं पोट स्वस्त डिझेल गाडीवर चालतं, त्याला बसलेला फटका अश्वशक्तीचा नाही, पैशाचा आहे.

आणि मेस्त्रीला बसलेला फटका? जुन्या जीपचा डिझेल पंप हातात असायचा. स्क्रू फिरवला, डिझेल वाढवलं, गाडी पळायची. काळा धूर सोडायची ती गोष्ट वेगळी. पेट्रोलची अँबॅसिडर खर्चात बसेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन टाकणारे लोक होतेच. आता इंजिनाच्या पुढे-मागे सेन्सर आहेत. जाळी काढली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिन स्वतःच ताकद कमी करून घेतं. तो दिवा विझवायला पाना पुरत नाही, लॅपटॉप लागतो. कायदाही घट्ट झाला. कंपनीने जसं दिलं त्यापेक्षा वेगळं करायचं नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 52. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात ते ठामपणे मान्य केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मंजूर सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करता येते, ती वाट उघडी आहे.

तरी संगणकात फेरफार करून ताकद वाढवणारे आहेतच. डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर काढून टाकणारेही आहेत, आणि त्यांचं गाऱ्हाणं अगदीच खोटं नाही. हा फिल्टर स्वतःची काजळी जाळतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. हैदराबादच्या रस्त्याला लागलात तर प्रश्न नाही. पण बाजाराच्या दिवशी खेड्यातून पाच-सात किलोमीटर यायचं, थांबायचं, परत जायचं, अशी गाडी असेल तर फिल्टर तुंबतो. मग एक तर सर्व्हिस सेंटरचं मोठं बिल, नाहीतर "काढून टाका". आणि काढला तरी पीयूसीच्या यंत्राला त्याचा पत्ता लागेलच असं नाही: ते डिझेलच्या धुराचा दाटपणा बघतं, पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतं. नायट्रोजन ऑक्साइड ते मोजतच नाही, आणि फिल्टर ज्या बारीक कणांसाठी बसवला, ते मोजायलाही ते बनवलेलं नाही. म्हणजे पुण्याच्या एआरएआयच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमपर्यंत तोलून पास झालेल्या गाडीचं पुढे काय झालं, हे नाक्यावरच्या तपासणीत कळायची सोयच नाही.

तो कण मात्र मेस्त्रीच्याच छातीत आधी जातो. दिवसभर सायलेन्सरच्या तोंडाशी तोच बसलेला असतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आलाय, बोला काका.