भांडं भरलंय का?

विद्वान माणसांविषयी आपला एक समज असतो. प्रयोगशाळेत हनुवटीला हात लावून बसलेला शास्त्रज्ञ दिसला, की तो विश्वाचं कोडं सोडवत असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा एवढाच विचार करीत असतो, की आत्ता उठलो तर कॉफी मिळेल का?

इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली नेमका हाच प्रश्न ऐरणीवर आला. पंधराएक संशोधक आणि सगळ्यांत मिळून कॉफीचं यंत्र एकच. तेही ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेरच्या बोळात. ज्यांची टेबलं जवळ ते वास आला की कप घेऊन हजर. इमारतीच्या दुसऱ्या टोकाची मंडळी जिने चढून-उतरून पोचेपर्यंत भांड्याचा तळ दिसू लागलेला! आपल्याकडे दूध तापत ठेवलं की घरातल्या सर्वांत रिकाम्या माणसाला त्यावर लक्ष ठेवायला उभं करतात. केंब्रिजात रिकामा माणूस मिळेना, म्हणून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी तिथे कॅमेरा उभा केला.

कॅमेरा उभा केला, हे म्हणायला सोपं. आज आपण त्याची पिन संगणकात खुपसतो आणि पुढचं दोघांनी आपसात बघून घ्यावं अशी अपेक्षा करतो. त्या वेळी रीतसर ओळख करून द्यावी लागे. कॅमेरा बोलणार टेलिव्हिजनच्या भाषेत, म्हणजे अखंड वाहणाऱ्या विद्युतलहरींत. संगणकाला कळणार फक्त आकडे. मध्ये दुभाषा हवा. तो म्हणजे फ्रेम ग्रॅबर नावाचं कार्ड. वाहतं चित्र क्षणभर पकडायचं, त्याचे ठिपके पाडायचे आणि कुठला ठिपका किती उजळ, ते संगणकाला मोजून सांगायचं, हे त्याचं काम.

हे कार्ड ज्या संगणकात बसलं तो एकॉर्न आर्किमिडीज जातीचा, आणि ही जात १९८७ सालची. त्याला सिनेमा दाखव म्हटलं असतं तर बिचाऱ्याला घाम फुटला असता. पण मागणं तरी किती? आडवे १२८ ठिपके, उभे १२८, रंग फक्त करडा, आणि मिनिटाला साधारण तीन चित्रं. कॉफी काही उड्या मारत नाही. थेंबाथेंबानं भरणाऱ्या भांड्याला एवढा वेग पुष्कळ झाला. जार्डेट्स्कींनी चित्र पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला, स्टॅफर्ड-फ्रेझरांनी ते प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारा. एखाद्या दिवसात काम फत्ते!

पुढे १९९३ साली डॅनिएल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन या सहकाऱ्यांनी ते चित्र वेबवर चढवलं. मग काय, ज्यांना त्या कॉफीचा घोटसुद्धा मिळायचा नव्हता असे जगभरचे लोक ते भांडं बघत बसले. पहिला वेबकॅम म्हणून त्याचं नाव झालं. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जायला निघाली, तेव्हा २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद करण्यात आला. कॉफीचं शेवटचं यंत्र जर्मनीच्या ‘श्पीगेल ऑनलाइन’नं लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. एवढ्या पैशात पंधराही जणांना स्वतंत्र यंत्रं मिळाली असती, आणि वेबकॅम जन्मालाच आला नसता!

पण एक गोष्ट त्या कॅमेऱ्याला शेवटपर्यंत साधली नाही. भांडं रिकामं आहे, एवढंच तो सांगे. ते भरायला कुणालातरी खुर्ची सोडावीच लागे. आज अमेरिकेतल्या मुलाचा चेहरा पुण्यातल्या आईला रोज पडद्यावर दिसतो. चांगला रंगीत दिसतो. डोळे ओढलेले आहेत, ताप असावा, हेही तिला दिसतं. कपाळावर हात ठेवायला मात्र अजून तिथे जावंच लागतं.