शंखांत साठलेला पाऊस

झाशी म्हटली की मराठी मनापुढे राणी लक्ष्मीबाई उभी राहते आणि तिच्यामागून 1858 च्या वेढ्यात सापडलेले गोडसे भटजी येतात. परंतु श्रोतेहो, छावणीची हद्द ओलांडून बुंदेलखंडात थोडे हिंडले, तर आणखी एक, फारसा न लिहिला गेलेला इतिहास दिसू लागतो. तो पावसाचा. जमीन ग्रॅनाइटची, पाणी सहसा मुरू न देणारी. आणि बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून तर महोब्याला चंदेल राजांनी अकराव्या-बाराव्या शतकांत कीरतसागर, मदनसागर ही तळी बांधली. बांधणाऱ्यांची नावे राहिली. मृगाने किती झोडपले, हस्ताने दगा दिला काय, हे कोण नोंदणार? आपल्या हवामानखात्याची स्थापनाच मुळी 1875 ची. त्यापूर्वीच्या पावसाची आठवण उरते ती बहुधा 1868-69 सारखा दुष्काळ पडला म्हणून. सुकाळाचे दप्तर कोणी ठेवीत नाही.

ते ठेवते तळ्यातली गोगलगाय! पाण्यातील प्राणवायूचे अणू काही हलके, तर थोडे जड असतात. ऊन तापले की हलक्या अणूंचे पाणी अधिक उडून जाते व मागे जड अणूंचे प्रमाण वाढते. पावसाचे नवे पाणी आले की ते उतरते. याच पाण्यातून गोगलगाय थरावर थर चढवीत आपला शंख घडविते. शंखाच्या वळणावळणावरून चिमूटभराहूनही कमी भुकटी काढून तपासली, म्हणजे उन्हाळा कोठे संपला आणि पाऊस कोठे लागला, ते उमगते. जमिनीवरील गोगलगाईही या कामी येतात. 1847 साली कलकत्त्याच्या एका बागेत सोडलेल्या आफ्रिकी गोगलगाईची प्रजा पुढे शेतीला उपद्रवी ठरली खरी. पण तिच्याच शंखांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना मुसळधार पावसाच्या खुणा सापडल्या.

हरियाणातील कोटला डहर या आटलेल्या सरोवराच्या गाळातले शंख यामा दीक्षित, डेव्हिड होडेल व कॅमेरॉन पेट्री यांनी तपासले. सुमारे 4100 वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी दुबळा झाला, असे त्यांनी 2014 साली दाखविले. सिंधु संस्कृतीच्या नगरांना उतरती कळा लागली तीही याच सुमारास. तथापि अवर्षणानेच नगरे बुडाली, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. पाऊस ओसरल्यावर कोणी पीक बदलले, कोणी गाव सोडले, हे शंख सांगत नाहीत.

मग चंदेलांच्या तळ्यांना हाच प्रश्न का विचारू नये? अडचण अशी, की कोटला डहरचे पाणी बाहेर वाहून जात नसे. बांधलेल्या तळ्याला सांडवा असतो, जुने पाणी निघून जाते आणि नोंद पुसट होते. शिवाय दुष्काळी वर्षी गाळ उपसण्याची कामे निघतात. तहानलेल्या गावाला ती हवीच असतात. त्या टोपल्यांतून शतकांच्या क्रमाने बसलेले शंख एका दिवसात शेतावर विखुरले जातात. उपसण्यापूर्वी गाळाचा एक उभा नमुना नळीत भरून ठेवायला फार वेळ लागत नाही.