उजेड किती, धग किती?

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. वडनेर काय किंवा आसपासचे दुसरे एखादे मोठे गाव काय, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घराघरांतून आणि दुकानांतून एक नवी चीज आली आहे, ती म्हणजे झोताचा दिवा. कुणी त्याला फोकस म्हणतो, कुणी हॅलोजन. तो नव्या घराच्या छतात बसवलेला असतो, देव्हाऱ्यावर असतो, कपाटात मांडलेल्या दागिन्यांवर असतो, आणि मोठ्या घडणीचा असला म्हणजे मांडवाच्या खांबावरही असतो. यांतला जो जुन्या पद्धतीचा असेल त्याच्या जवळ जरा हात नेऊन पाहा. लावू नका बरं का, नुसता जवळ न्या. तव्याजवळ नेल्यासारखे वाटेल. वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, पंखा गरम वारा फेकतो, आणि वर छतात आपणच पैसे देऊन चार लहान चुली पेटवून ठेवतो!

तो दिवा बदलायचा तर त्याच्या जागी काय बसवावे, हा आजचा विषय. पण दिवा पारखून घेण्याचा हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. विजेचा खांब आपल्या बहुतेक गावांत पोचायच्या कितीतरी आधी तो इथे विचारला गेला होता.

1934 च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचे नाव मगनवाडी पडले. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. हा माणूस तंजावरकडचा, विलायतेत हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेला. हिशेबतपासनिसाची नजर कशी असते? पैसा आला कुठून आणि गेला कुठे, हे पाहिल्यावाचून तिला चैन पडत नाही. ही नजर कुमारप्पांनी खेड्यातल्या घराकडे वळवली, तेव्हा तिला घासलेटची चिमणी दिसली.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी दिव्याला जवसाचे, करंजाचे, एरंडीचे तेल असे. ते गावच्या तेल्याच्या घाणीतून यायचे. पुढे घासलेटचे डबे आले. घासलेट पातळ, वातीवर भरभर चढणारे, वापरायला सोपे. घाणी थंडावली. दिव्याचा पैसा गावातल्या गावात फिरत होता, तो परदेशी कंपन्यांकडे जाऊ लागला. यावर मगनवाडीने नुसती भाषणे केली नाहीत. तिथे घाणी सुधारण्याचे काम झाले आणि वनस्पती तेलावर जळणारा एक कंदील तयार झाला. त्याचे नाव मगनदीप.

शिक्षक मंडळींनी इथे थोडे थांबावे, कारण हा वर्गात दाखवण्यासारखा प्रयोग आहे. एका वातीचे टोक घासलेटात बुडवा आणि दुसऱ्या तशाच वातीचे करडईच्या तेलात. आग अर्थातच लावायची नाही. घासलेट वर चढते, करडईचे तेल मागे रेंगाळते. म्हणून घासलेटच्या कंदिलात तेलाची टाकी ज्योतीपासून चांगली खाली असली तरी चालते. गोडे तेल घातले तर ज्योत भुकेने विझते. दाट तेलाचा दिवा करायचा तर तेल आणि ज्योत यांतले अंतर कमी ठेवावे लागते. पणती करणाऱ्या कुंभाराला ही गोष्ट हजारो वर्षांपासून ठाऊक होती. मगनवाडीला ती काचेच्या कंदिलात बसवायची होती.

1942 साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारे घासलेट बंद झाले. परावलंबी दिवा म्हणजे काय, हे तेव्हा खेड्यापाड्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. तरीही मगनदीप घरोघर पोचला नाही. स्वातंत्र्यानंतर घासलेट पुन्हा आले आणि त्यामागून वीज आली. 1960 च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ सुरू झाले आणि गावोगाव तारा ओढल्या गेल्या. हाती जे आले त्याला मगनदीपाचे अपयश म्हणणारे म्हणोत. मला त्याच्यामागचा प्रश्न मोलाचा वाटतो. दिव्यासाठी मोजलेल्या पैशातून उजेड किती मिळाला आणि बाकीचे काय झाले?

विजेच्या दिव्याला हा प्रश्न विचारला की उत्तर फारसे बरे येत नाही. एडिसनचा दिवा 1879 सालचा. पुढे कोळशाच्या तंतूऐवजी टंगस्टनची तार आली, 1913 साली अमेरिकेत लँगम्यूर यांनी काचेच्या गोळ्यात वायू भरला, पण मूळ कल्पना लोहाराचीच राहिली. धातू इतका तापवायचा की तो पांढरा दिसू लागेल. खर्चलेल्या शंभर भागांतले पाच-सहा भाग उजेड होतो, बाकी सगळी धग. 1959 मध्ये हॅलोजन दिव्याचे पेटंट निघाले. यात युक्ती अशी आहे की तापलेल्या तारेतून उडालेला टंगस्टन आतल्या वायूशी जुळून पुन्हा तारेवरच येऊन बसतो. पण हे घडायला बाहेरची भिंत निदान 250 अंश तापलेली लागते. म्हणजे पाहा, या दिव्याची धग हा काही बिघाड नाही. तो गरम राहिला तरच नीट चालतो.

या चक्रातून सुटका केली ती जपानी वंशाच्या तीन शास्त्रज्ञांनी. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळा एलईडी साध्य केला, त्याबद्दल त्यांना 2014 चे नोबेल मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळी झाक देणारे द्रव्य बसवले की पांढरा उजेड मिळतो, तार तापवावी लागत नाही. 5 जानेवारी 2015 रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत ज्या एलईडी बल्बला 2014 च्या आरंभी 310 रुपये पडत होते, तो दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आला. 2021 साली ग्राम उजाला निघाली, तिच्या पहिल्या टप्प्यात आपल्या शेजारचे नागपूर होते. चालू स्थितीतला जुना बल्ब आणि दहा रुपये द्या, एलईडी घेऊन जा, असा तो व्यवहार होता.

या योजनांनी साधा बल्ब बदलला, पण झोताचा दिवा मात्र आपला आपणच बदलायचा आहे. एकेक 50 वॉटचे असे चार दिवे रोज पाच तास जळले तर दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. त्यांच्या जागी 7 वॉटचे चार एलईडी लावले तर महिन्याला चार युनिटांच्या थोडे वर. मात्र नुसते वॉट पाहून दिवा घेऊ नका. वॉट म्हणजे खाणे. उजेडाचे माप ल्युमेन, ते खोक्यावर वाचा. झोताच्या दिव्याला कोनही असतो. देवाच्या मूर्तीवर चोवीस अंशांचा अरुंद झोत शोभतो, स्वयंपाकाच्या ओट्यावर अडतीसचा बरा. पिवळसर उजेड हवा असेल तर 2700 ते 3000 केल्विन, पांढराशुभ्र हवा तर 6500. कापडाचे किंवा सोन्याचे दुकान असेल तर रंग खरे दाखवण्याचा अंक नव्वदीच्या घरात असलेला घ्यावा, नाहीतर गिऱ्हाईक लुगडे उन्हात नेऊन पाहील आणि रंग वेगळाच निघेल.

जुना दिवा 12 व्होल्टचा असेल तर छतावर एक छोटा ट्रान्स्फॉर्मर दडलेला असतो. पुष्कळदा तो मोठ्या भारासाठी केलेला असतो, 5 वॉटचा दिवा त्याला लागतच नाही. मग दिवा मिचमिचतो आणि आपण एलईडीला नावे ठेवतो. अशा वेळी वायरमनकडून ट्रान्स्फॉर्मरही बदलून घ्यावा. एलईडीही तापतो, पण त्याची धग झोतात येत नाही, पाठीमागे जाते. म्हणून छताच्या पोकळीत त्याला हवा मिळू द्या. गावात विजेचा दाब खालीवर होतो, तो सोसण्याची मर्यादा आणि मानक ब्युरोची नोंदणीखूण पाहूनच दिवा घ्या. स्वस्तातला दिवा बहुधा आतल्या जोडणीमुळे मरतो.

हे पटत नसेल तर घरच्या मीटरला विचारा. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा शेजारी छापलेला असतो. समजा 3200 आहे. घरातले बाकी सारे बंद करून ते चार गरम दिवे लावा आणि घड्याळ धरून मोजा. मिनिटाला दहा-अकरा वेळा लुकलुकेल. मग एलईडी लावून मोजा. दोन मिनिटांत तीन.