शिवणयंत्र, हप्ता आणि पत

कारखानदारीचा इतिहास यंत्रापाशी थांबतो. मला त्यापुढचा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत सिंगर कंपनीचे शिवणयंत्र सामान्य कुटुंबाला परवडत नव्हते. आयझॅक सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क पेशाने वकील. त्याचे लक्ष लोखंडापेक्षा गिऱ्हाइकाच्या मिळकतीकडे होते. १८५६ मध्ये त्याने हप्त्याची पद्धत आणली. पुढे शिवण शिकवणे, दुरुस्ती हीही कंपनीचीच कामे झाली. भारतात हा व्यापार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाच्या हाताखाली पसरला.

पण हप्ता पतीवर चालतो. आपल्या समाजात पत ओळखीतून येते आणि ओळख जातीतून. यंत्राला जात नसते. ते पोचवणाऱ्या हातांना असते. म्हणून केवळ कारखान्यातली नोकरी मागून भागणार नाही. पतीवरचा हक्कही मागावा लागेल.