बचावपटू (कबड्डी)

कबड्डीत आपल्या क्षेत्रात शिरलेल्या चढाईपटूची पकड करणारा खेळाडू म्हणजे बचावपटू. चढाईपटू एकट्याने गुण मिळवतो. बचावपटूला मात्र इतर सहा जणांच्या हालचालींशी जुळवून घेत खेळावे लागते. त्यामुळे त्याची पारख करणे चढाईपटूच्या तुलनेने अवघड असते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याने आणि एकूण महाराष्ट्राने अनेक नामवंत चढाईपटू दिले आहेत. बचावफळी घडवण्याचा आणि निवडण्याचा प्रश्न येथे अधिक गुंतागुंतीचा राहिला आहे.

जागा आणि कामे : पुरुषांचे मैदान १३ × १० मी. असते. मध्यरेषेपासून ३.७५ मी. अंतरावर निदान रेषा आणि तिच्यामागे १ मी. अंतरावर बोनस रेषा असते. बचाव करणारे सात जण अर्धवर्तुळात उभे राहतात. दोन्ही टोकांना उजवा आणि डावा कोपरारक्षक, आतल्या बाजूला उजवा आणि डावा मध्यरक्षक, आणि उरलेल्या जागांवर बहुधा संघाचे चढाईपटू, अशी सर्वसाधारण रचना असते. घोट्याची, मांडीची किंवा कमरेची पकड ही कोपरारक्षकाची हत्यारे आहेत. परतणाऱ्या चढाईपटूची वाट अडवणे (ब्लॉक) किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर घालवणे (डॅश) हे मध्यरक्षकाचे काम असते. कोपरारक्षक पुढे झेपावला आणि मध्यरक्षक अर्धा क्षण उशिरा पोहोचला, तर पकड निसटते. शेजारच्या खेळाडूचा हात धरून उभी केलेली साखळी मोडली, तरी तोच परिणाम होतो.

नियम आणि जोखीम : चढाई ३० सेकंदांची असते. पकडीतल्या चढाईपटूने मध्यरेषेला अंगाचा कोणताही भाग टेकवला, तर त्याला धरलेले सर्व बचावपटू बाद होतात. त्यामुळे फसलेल्या एका पकडीत तीन-चार गुण जाऊ शकतात. यशस्वी पकडीला मात्र एकच गुण मिळतो. मैदानावर तीन किंवा त्यांहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली, तर ती ‘अव्वल पकड’ ठरते आणि एक जादा गुण मिळतो. पायांची कैची घालणे, तोंड दाबणे, केस किंवा कपडे ओढणे हे नियमबाह्य आहे. बोनस गुण सहा किंवा सात बचावपटू मैदानावर असतानाच मिळतो.

प्रो कबड्डी लीगच्या मोजमापातही हा फरक दिसतो. तेथे एका सामन्यात चढाईचे दहा गुण ही उत्तम कामगिरी मानतात, तर बचावपटूसाठी तोच मान पकडीच्या पाच गुणांना आहे. या लीगमध्ये परदीप नरवालच्या नावावर चढाईचे १,७०० हून अधिक गुण आहेत, तर पकडीच्या गुणांत अग्रस्थानी असलेल्या इराणच्या फझल अत्राचलीने ५०० चा टप्पा ओलांडला आहे. जागा न सोडता चढाईपटूला कोपऱ्यापासून दूर ठेवणे आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे, ही बचावाची खरी कामे बचावपटूच्या नावावर नोंदली जात नाहीत.

महाराष्ट्रातील परंपरा : हुतूतू नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला नियमांची चौकट देण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने महाराष्ट्रात झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे शंकरराव (बुवा) साळवी यांनी खेळाचा संघटित प्रसार केला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बीजिंग येथील १९९० च्या आशियाई क्रीडास्पर्धांपासून कबड्डीला पदकाच्या खेळाचा दर्जा मिळाला.

अलीकडच्या काळातील मराठी बचावपटूंमध्ये डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक, उजवा मध्यरक्षक विशाल माने, उजवा कोपरारक्षक शुभम शिंदे आणि मध्यरक्षक संकेत सावंत ही नावे ठळक आहेत. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून वरिष्ठ गटाचे राष्ट्रीय विजेतेपद अकरा वर्षांनी परत मिळवले. इर्नाक आणि माने त्या संघात होते. त्याच वर्षीच्या जकार्ता आशियाई स्पर्धांसाठी भारतीय संघात इर्नाकची निवड झाली. महिलांच्या संघात सायली केरीपाळे होती.

निवडीची पद्धत : गाव किंवा क्लबपासून जिल्हा निवड चाचणी, जिल्हा संघ, राज्य अजिंक्यपद स्पर्धा, राज्य संघाचे सराव शिबिर आणि राष्ट्रीय स्पर्धा असा खेळाडूचा प्रवास असतो. वयोगटांना वजनाचीही अट असते. किशोर गटासाठी वय १६ वर्षे आणि वजन ५५ किलो, तर कुमार गटातील मुलांसाठी वय २० वर्षे आणि वजन ७० किलो ही कमाल मर्यादा आहे.

तरुण बचावपटूला या पद्धतीचे दोन जाच सोसावे लागतात. पहिला वजनाचा. मध्यरक्षकाला लागणारे भारदस्त अंग ज्या वयात भरू लागते, त्याच वयात त्याला वजन उतरवावे लागते किंवा गटाबाहेर राहावे लागते. दुसरा चाचणीच्या स्वरूपाचा. चाचणीत अनोळखी मुलांचे तात्पुरते संघ पाडले, तर चपळ चढाईपटू चार चढायांत नजरेत भरतो. कोपऱ्यातला मुलगा मात्र त्याला न ओळखणाऱ्या मध्यरक्षकाच्या भरवशावर असतो. गावच्या जत्रेतले सामने मातीवर आणि वरच्या पातळीवरचे मॅटवर होत असल्याने झेप घेण्याची वेळ आणि पायाची पकडही नव्याने शिकावी लागते.

अहिल्यानगर जिल्हा : क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. मार्च २०२४ मध्ये अहिल्यानगर शहरातील वाडिया पार्क मैदानावर पुरुषांची ७० वी वरिष्ठ गट राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली. त्याच महिन्याच्या १ तारखेला पुणेरी पलटणने हैदराबाद येथे हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्याचा आहे. चढाईबरोबर पकडीतही हातभार लावणारा हा खेळाडू हांगझोऊ आशियाई स्पर्धांतील सुवर्णविजेत्या भारतीय संघात होता. जिल्ह्यातील शंकर गदई हाही राज्य संघातून आणि प्रो कबड्डीत खेळला आहे.

त्या विजेत्या पलटणच्या कोपऱ्यांत मात्र इराणचा मोहम्मदरझा शादलू आणि हरयाणाचा गौरव खत्री उभे होते. शादलूने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले. मध्यरक्षक मुंबईचा संकेत सावंत आणि तमिळनाडूचा अबिनेश नादराजन होते. ही चौकडी हंगामभर एकत्र खेळली, हे तिच्या यशाचे मोठे कारण होते.

अन्य खेळांतील दाखला : नेदरलँड्सच्या फुटबॉलमध्ये तरुण बचावपटूंची पारख हा जुना चर्चेचा विषय आहे. मथाइस डी लिख्ट मार्च २०१७ मध्ये बल्गेरियाविरुद्ध वयाच्या १७ व्या वर्षी राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळला. त्याच्या चुका महागात पडल्या, संघ ०-२ असा हरला आणि मध्यंतरालाच त्याला बदलण्यात आले. आयाक्स क्लबने त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही. पुढच्या वर्षी तो त्या क्लबचा कर्णधार झाला आणि २०१९ मध्ये संघाने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. व्हर्जिल व्हान डाइकची उंची किशोरवयाच्या अखेरीस झपाट्याने वाढली. त्याआधी तो निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांत फारसा भरला नव्हता. बचावपटू उशिरा पिकतो आणि त्याची चूक सर्वांना दिसते, हे दोन्ही मुद्दे कबड्डीलाही लागू पडतात.

मूल्यमापन : महाराष्ट्रात आणि विशेषतः अहिल्यानगरसारख्या मोठ्या जिल्ह्यात बचावाच्या गुणवत्तेचा तुटवडा आहे, असे म्हणणे योग्य नाही. उणीव आहे ती पारखण्याच्या रीतीत. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची जोडी एकत्र खेळवून तपासणे, पकडीच्या गुणांबरोबर रिकाम्या परतवलेल्या चढायांचीही नोंद ठेवणे, वजनामुळे किशोर गटातून सुटलेल्या मुलांना कुमार गटाच्या सरावात सामावून घेणे आणि तालुक्यांपर्यंत मॅट पोहोचवणे, हे उपाय जिल्हा पातळीवरही करता येण्याजोगे आहेत. बचावफळीची निवड एकेका नावाची नव्हे, तर जोड्यांची असावी.