२१ एप्रिल १८६३ : बोरघाट लोहमार्गाचे उद्घाटन

कर्जतजवळच्या पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंत सह्याद्री चढणारा बोरघाट लोहमार्ग मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुला झाला. तोवर मुंबईची आगगाडी १८५६ पासून घाटपायथ्याच्या खोपोलीला थांबे आणि पुण्याकडची गाडी १८५८ पासून खंडाळ्याहून सुटे, त्यामुळे मधला चढ रस्त्यानेच ओलांडावा लागे. ३७ फुटांमागे १ फूट असा तीव्र चढ असलेल्या या मार्गावर गाडीची दिशा उलटवणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधावे लागले. अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाची मागणी वाढली असतानाच मुंबई बंदर दख्खनशी सलग जोडले गेले. मात्र त्या वैभवाच्या वर्णनात घाटात रोगराईने मेलेले हजारो मजूर क्वचितच येतात, हे खटकते. आज कर्जत आणि खोपोली ही मुंबई उपनगरी रेल्वेची टोकाची स्थानके आहेत.