बऱ्हाणपूर आणि गादीचा खेळ

जगातील पुढाऱ्यांची नावे मांडावी, मते घ्यावी आणि एकेक नाव खोडीत जावे, असा एक खेळ आज खेळला जातो. तापीकाठच्या बऱ्हाणपुराने तो मतांवाचून पाहिला. जहांगीराचा थोरला पुत्र खुस्रौ शहाजहानच्या कैदेत १६२२ साली येथेच मरण पावला. तो घातच होता, असे अनेक इतिहासकार मानतात. दुसरा परवीझ १६२६ साली येथेच वारला. धाकटा शहरयार १६२८ साली लाहोरास मारला गेला. उरला तो शहाजहान बादशहा झाला. प्राचीन अथेन्सचे नागरिकही नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव खोडीत; पण खापरीवर लिहून, बहुमताने. तो दहा वर्षे हद्दपार होई. त्याची मालमत्ता मात्र शाबूत राही, आणि मुदत सरताच त्याला परतता येई. श्रोतेहो, मताचे मोल जिंकणाऱ्यावरून कळत नाही. हरलेला जिवंत राहतो, यावरून कळते.